धोंड्याच्या महिन्यातलं पोट

हे लिहायला बसलो आणि उठलो. परत बसलो, परत उठलो. बायको म्हणाली, "कावून हिंडायलाव घरभर? बसा की एका जागी." आता हिला काय सांगू? जन्मभर लोकांना खुर्चीतून उठवायचं काम केलं, आता खुर्ची मलाच चावते. दिवाळी अंकवाल्यांनी "वस्ताद, तुमच्या धंद्यातलं कायतरी लिहा" म्हणून गळ घातली आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बसलो. तेव्हा हे असं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून, उभ्या उभ्या लिहायलोय. अक्षर वाकडं आलं तर ओट्याला बोल लावा.

माझा धंदा चरबी उतरवायचा. माजलगावला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं माझी जिम आहे. आता पुतण्या बघतो, मी सकाळी जाऊन फक्त ओरडतो. त्याआधी मी पैलवान होतो. जत्रेजत्रेत कुस्त्या मारल्या, मग गुडघा गेला. कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, आणि दोन वर्षांत मी असा सुटलो की जुने गडी मला बघून रस्ता बदलायला लागले. ते पोट मी स्वतः उतरवलं आणि मग लोकांची उतरवायला घेतली. त्यामुळं मला कुणी पोटावरून चार गोष्टी शिकवायच्या भानगडीत पडू नये.

आमचा जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळी झाली की गावंच्या गावं ट्रॅक्टरात बसून जातात आणि उन्हाळ्यात नुसती हाडं घेऊन परत येतात. अशा जिल्ह्यात पोट कमी करायची फी मागायची म्हणजे सुरुवातीला मला लाज वाटायची. एकदा एक मावशी आल्या. सगळं आयुष्य ऊस तोडला, मग पोराला नोकरी लागली, पोरानं आईला सुखात बसवलं. मावशी बसल्या आणि फुगल्या. मला म्हणाल्या, "वस्ताद, हातात कोयता हुता तवर पोट कुठं हाय ते ठाव न्हवतं. आता पोरगं म्हणतंय आई बस. बसले, तर हे येऊन मांडीवर बसलं." मी म्हटलं, "मग परत कोयता देऊ का?" तर म्हणाल्या, "मेले तरी न्हाई. दुसरं सांग." तिथं माझ्या धंद्याची खरी गोम मला कळली. माणसाला कष्ट परत नको असतात, फक्त कष्टानं झालेलं शरीर परत पाहिजे असतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं वस्तादाकडं काहीतरी जादू असणार. डोंबलाची जादू! घाम गेला म्हणजे चरबी गेली, हे खोटं. घाम म्हणजे पाणी, घरी जाऊन तांब्याभर प्यालात की वजन जागेवर. पोटाला पट्टा बांधून फिरणं हेही खोटं. नुसते पोटाचे व्यायाम करून नुसतं पोट उतरत नाही. शरीर कुठून काढायचं ते स्वतः ठरवतं, आणि ते भारी चिकट असतं. आधी तोंड उतरतं, मग हातपाय. पोट शेवटी. घरची बाई कशी, रोजच्या डब्यातलं संपेपर्यंत मागच्या खोलीतल्या धान्याच्या कणगीला हात लावत नाही, तसंच. त्यात आणखी एक कुलंगडं आहे. माणूस हलका झाला की त्याला लागतंही कमी. काल ज्या दोन भाकरींवर वजन उतरत होतं, त्याच दोन भाकरींवर आज ते अडून बसतं. गिऱ्हाईक मग माझ्यावर डाफरतं.

उतरवणं तरी मला जमतं. टिकवणं मला कधी नीट जमवून देता आलं नाही, हे कबूल. लग्नाआधी कोट बसावा म्हणून नवरदेव यायचे, रडतपडत उतरवायचे, फोटो झाले की वर्षात तेच पोट घेऊन बारशाचे पेढे द्यायला हजर. ज्यासाठी उतरवलं ते झालं, मग कशाला टिकवायचं? आणि मग बालाजी आला.

बालाजी म्हणजे मोंढ्यातल्या एका आडतीवरचा मुनीम. सकाळपासून गादीवर मांडी घालून बसायचं आणि येईल त्याच्याबरोबर चहा-भजी हाणायची. गोरा, गोल, हसरा. कुणाला दुखावणं जमत नाही, त्यामुळं कुणी काही पुढं केलं की खाऊन मोकळा. एका सकाळी जिममध्ये आला आणि दारातच म्हणाला, "वस्ताद, पोट उतरवायचंय. लवकर."

"लगीन तर झालंय बे तुझं. आता कुणाला दाखवायचंय?"

हसला नाही. मला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्याची सासू केसरबाई, दिंद्रुडची. कधीकाळच्या काविळीनं तिचं लिव्हर आतून खराब करून टाकलेलं. गावात लोक तोंडावर पदर धरून म्हणायचे, बाई दारू पीत न्हवती तर लिव्हर कसं गेलं? मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवला तरच बाई जगेल. मुलाचा रक्तगट जुळेना. मुलगी सुनीता, म्हणजे बालाजीची बायको, नुकतीच बाळंतीण. जुळला तो जावयाचा. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत भरून येतं म्हणतात, कागदपत्रं आणि परवानगीचंही होण्यासारखं होतं, पण तपासणीत निघालं की बालाजीच्याच लिव्हरला चरबी चढलीये. असलं लिव्हर घेता येत नाही. आधी उतरवून या, म्हणाले. उपाशी राहून नाही, बेतानं, पण वेळ घालवू नका. बाईकडं फार वेळ नाही.

आजवर माझ्याकडं लोक कोटासाठी आले, भरतीसाठी आले, बायकोच्या टोमण्यासाठी आले. दुसऱ्याच्या जिवासाठी पोट उतरवायला आलेला हा पहिलाच.

"सासूबाईला माहीत आहे का तू देणार ते?"

"न्हाई वस्ताद," सासूला मामी म्हणणारा बालाजी म्हणाला. "मामीला सांगितलंय, दवाखान्यात नंबर लावलाय. मी देणार म्हणलं तर मामी मरंल पण घेणार न्हाई."

यात अतिशयोक्ती नव्हती. केसरबाईला मी ओळखत होतो. लेकीकडं माजलगावला आली की पाण्याची बाटली दिंद्रुडहून भरून आणायची. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नातू झाल्यावर हे सुटतं म्हणतात, हिनं तेव्हाही सोडलं नाही. जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं, हे तिच्या हाडात बसलेलं. जी बाई जावयाचं पेलाभर पाणी घेत नाही, ती त्याच्या पोटातला तुकडा घेणार? पण डॉक्टर तर तिच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय सुरीला हात लावणार नव्हते. बालाजीचं म्हणणं, आधी पोट उतरू द्या, गाडीत बसवल्यावर सांगू.

आम्ही कामाला लागलो. सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं चालणं, मग जिम. जेवणात भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक. भजी बंद, चहातली साखर बंद. आडतीवर मी त्याची गादी काढायला लावली आणि उभं राहून हिशेब लिहायला लावला. शेठजी बोंबलले, मी त्यांच्याकडं बघितल्यावर गप्प झाले. बालाजीचं तोंड उतरलं, हात उतरले. मग वजन अडलं. महिना गेला, काटा हलेना. मी झोपेतून उठून बसायचो. एरवी वजन अडलं की मी गिऱ्हाइकाला सांगतो, घाई करू नका. इथं घाई केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि घाई करताही येत नव्हती. मी नुसता फेऱ्या मारायचो. शेवटी चालण्याला चढ जोडला, भाकरी अर्धी केली, आणि पोट हलायला लागलं. शहरात परत तपासलं. सुधारलंय म्हणाले, अजून थोडं.

त्या 'थोडं'वर आम्ही होतो आणि अधिक महिना लागला.

आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, वाण द्यायचं, आणि धोंडे खाऊ घालायचे. धोंडे म्हणजे कणकेच्या पोटात पुरण भरलेले गोळे, वरून तुपाची धार. जावई नको म्हणाला की सासू अजून एक वाढते, आणि त्यानं मान हलवली की अजून एक. बरं, जावई एका घराचा नसतो, सगळ्या भावकीचा असतो. चुलत सासू, मावस सासू, शेजारची मानलेली सासू, सगळ्यांच्या घरी ताट.

मी बालाजीला बजावलं होतं, जायचं नाही. गडी तोंडावर हो म्हणाला. आठ दिवस चालायला आला नाही, फोन उचलेना. मग आला तो मान खाली घालून. मी काट्यावर उभा केला आणि माझं डोकंच फिरलं.

"किती घरी जेवलास बे?"

"वस्ताद, मामीनं निरोप धाडलाता. न्हाई गेलो असतो तर तिला वाटलं असतं जावई रुसला. मग बाकीच्यांचं बी मोडवंना. आज शेवटचं, मामीच्या घरचं वाण हाय."

"शेवटचं तिचंच होईल!" मी ओरडलो. जिममधली पोरं डंबेल धरून उभी राहिली. बालाजी निघून गेला.

मी दुपारपर्यंत कशीबशी कळ काढली. मग गाडीला किक मारली आणि दिंद्रुड गाठलं.

अंगणात मांडव, पंगत बसलेली. बालाजी पाटावर, कपाळाला गंध, समोर ताट. सुनीता बाळाला घेऊन दारात. केसरबाई स्वतः वाढत होती. डोळे पिवळे, पाय सुजलेले, हात थरथरतोय, पण वाटीतून तूप ओतायचं दुसऱ्या कुणाला देईना.

"या वस्ताद! टायमावर आलाव. बसा, पान वाढते."

"मी जेवायला नाही आलो मामी. याला धोंडे वाढू नका. डॉक्टरांनी बंद केलंय याला."

"कावून? साखर निघाली व्हय?"

"तसंच समजा."

"मंग एक खातेल. तीन वर्सातनं एकदा येतंय धोंड्याचा म्हयना. जावयाच्या ताटात हात आखडू व्हय मी?" आणि बाई हसून म्हणाली, "वाढू द्या वो. फुडच्या धोंड्याला मी असते का न्हाई, कुणाला ठाव."

इतका वेळ मी दात आवळून होतो. ते ऐकलं आणि सुटलोच. "असणार तुम्ही! पण हा खाईल तर नाही असणार! तुम्हाला तुकडा हाच देणार आहे. यादी नाही, नंबर नाही, हाच. याच्या लिव्हरची चरबी उतरवायला मी रक्ताचं पाणी करायलोय आणि तुम्ही त्यावर तूप ओतायलाव!"

मी बोललो ते बरं केलं की वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही. केसरबाईनं तुपाची वाटी खाली ठेवली आणि भिंतीला धरून बसली. आधी लेकीकडं बघितलं. सुनीता रडायला लागली, तेव्हा केसरबाईला कळलं की हे खरं आहे.

"मला न्हाई पायजे," बाई म्हणाली. आवाज चढला नाही. "जावयाच्या घरचं पाणी घेतलं न्हाई मी. त्येंचं अंग कापून घेऊ? उद्या माज्या लेकीच्या मालकाला कमी-जास्त झालं तर कोणत्या तोंडानं जगू मी? न्हाई. मरू द्या मला."

मी बालाजीकडं बघितलं. मला वाटलं, हा आता समजूत घालेल, पाया पडेल. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, तो काय करणार? तर गड्यानं ताट पुढं सरकवलं, हात मांडीवर ठेवले आणि मान फिरवली.

"जेवा जावईबापू," कुणीतरी म्हणालं.

"न्हाई. मी रुसलोय."

आमच्याकडं लग्नात नवरदेव रुसतो. पानावर बसून हात आवरून घेतो, आणि सासरचे मागेल ते देऊन त्याचा रुसवा काढतात. कुणी गाडी मागतं, कुणी अंगठी. जावई रुसून उपाशी उठला तर सासूला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"लग्नात मी रुसलो न्हवतो," बालाजी म्हणाला. "तुमीच म्हणला हुताव, लई गुणाचा जावई, कायच मागंना. ते बाकी हाय. ते आज मागतो."

"काय पायजे?" केसरबाईनं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"व्हय म्हणा."

"असा रुसवा आस्तोय व्हय?"

"व्हय म्हणा, न्हाईतर उपाशी उठतो."

"लोक काय म्हणतेल, बापू?"

"लोकांचा रक्तगट जुळंना, मामी."

कुणीतरी हसलं, आणि हसता हसता डोळे पुसायला लागलं. मीही दुसरीकडं तोंड केलं. अन्न थंड झालं. बाळ रडलं, गप्प झालं. मग केसरबाई भिंतीला धरून उठली, जावयासमोर येऊन खाली बसली आणि म्हणाली, "व्हय म्हणले. जेवा आता."

आणि मग तिनं त्याच्या ताटातले सगळे धोंडे आपल्या हातानं उचलून परातीत टाकले. सुनेला म्हणाली, "भाकर आण. आर्धी." जावयाच्या ताटातलं वाढलेलं काढून घेणारी सासू मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. गावात त्याची चर्चा झाली. केसरबाईनं भावकीत निरोपच धाडला की माझ्या जावयाला कुणी बोलावलं तर माझ्याशी गाठ आहे.

त्यापुढं मला फार काही करावं लागलं नाही. दिंद्रुडहून रोज वडापच्या प्रवासी जीपमधून बालाजीचा डबा यायला लागला. अर्धी भाकरी, भाजी, कारळाची चटणी चिमूटभर. माझ्यापेक्षा ती बाई कडक निघाली. पोटाच्या कणगीतलं शेवटचं धान्यही निघालं आणि डॉक्टरांनी होकार दिला. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात इतका फिरलो की वॉचमन म्हणाला, "बाबा, बसता का जरा, मला चक्कर यायलीय." संध्याकाळी दोघं सुखरूप असल्याचं कळलं आणि मी चपलांच्या रॅकजवळ खाली बसून पोरासारखा रडलो.

गोष्ट इथं संपली असती तर मी निवांत झोपलो असतो. पण मला माझा धंदा माहीत होता. ज्यासाठी उतरवलं ते झालं. वर्षभरात बालाजी गादीवर परतला, चहात साखर आली, शर्टाची बटणं ताणली. मी ओरडलो. तो हसला आणि म्हणाला, "आता कुणाला द्यायचंय, वस्ताद?" मला पुन्हा झोप लागेना. एक दिवस केसरबाई जिमच्या दारात उभी. हातात तीच पाण्याची बाटली.

"वस्ताद, जावईबापूचं पोट परत यायलंय. मी त्येंला सांगितलंय, डाक्टरनं मला रोज चालायला लावलंय, आन मला एकलीला भ्या वाटतंय. आता मी हितंच लेकीकडं ऱ्हाते. चूल येगळी मांडते."

"तुम्हाला भ्या? मामी, तुम्ही रानात एकट्या झोपणाऱ्या."

"गप बसा. मी चालले न्हाई तर ते बी बसतेल."

तेव्हापासून रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं दोघं जातात. पुढं ती, मागं तो. बालाजी मला हळूच सांगतो, मामीला सोबत लागते म्हणून जातो, न्हाईतर कोण जातंय! टिकवायचं कसं, हे मला जन्मभर जमलं नाही ते या बाईनं एका थापेवर जमवलं. माझी थोडी जिरलीच म्हणा. पण झोप यायला लागली.

परत धोंड्याचा महिना आला तेव्हा दिंद्रुडला मलाही बोलावणं होतं. तोच मांडव, तोच पाट. सुनीता पोरासाठी माजलगावहून घरच्या पाण्याचा तांब्या भरून घेऊन आलेली. केसरबाईचे डोळे स्वच्छ, हात स्थिर. तिनं बालाजीच्या ताटात एकच धोंडा वाढला, वर चमचाभर तूप. बालाजीनं हात मांडीवर ठेवले आणि मान फिरवली.

"आता आन काय, बापू?" बाई घाबरलीच.

"रुसलोय."

"आरं देवा! आता काय मागतोस?"

घाईत तिच्या तोंडून एकेरी निघून गेलं, तिला कळलंही नाही. बालाजीनं धोंडा मधोमध मोडला आणि अर्धा तिच्यापुढं धरला. मी उभाच होतो.

केसरबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग जावयाच्या हातातला तो अर्धा धोंडा घेतला, त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि सगळ्यांसमोर खाल्ला. खाताना डोळ्याला पाणी लागलं होतं. ते पदरानं पुसलं आणि सुनीताला हाक मारली, "सुनीते, पाणी आण गं. तुज्या घरच्या तांब्यातलं."

मग मीही बसलो.